चांदीच्या उंदरावरचं कुंकू

"बुवा, हा डाग जाईल का?"

हेरलेकरांनी पांढरे सुती हातमोजे चढवले होते. समोर मखमलीची पेटी उघडी होती. पेटीत बारा खाचा, त्यांतल्या अकरांत चांदीची अकरा नाणी, प्रत्येक आपापल्या पारदर्शक डबीत. बारावं त्यांनी रुमालावर वेगळं ठेवलं होतं. त्याच्यावर उंदीर कोरलेला होता आणि उंदराच्या पाठीवर लालसर डाग होता.

आबाजीबुवांनी चाळीस वर्षं हुपरीत चांदी उजळली. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान पुतण्याला दिलं आणि गावाबाहेरच्या दत्ताच्या देवळात येऊन राहिले. लोक त्यांच्याकडे अजून काळवंडलेले पैंजण घेऊन येत, आणि बऱ्याचदा पैंजणाबरोबर दुसरंच काहीतरी उजळून घेऊन जात. हेरलेकर गेली दहा वर्षं दर गुरुवारी यायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के, पण आपल्या नाण्यांचा तोरा असा की बोलायची सोय नव्हती.

बुवांनी रिठ्याच्या पाण्याची वाटी पुढे ओढली.

"कसला डाग हाय?"

"कुंकवाचा. खाली हळदही आहे. शिवाय दूध, दही, मध..."

"कुणी लावलं?"

"आमच्या मंडळींनी."

बुवा थांबले. हेरलेकर सांगू लागले. गणेश चतुर्थीला मूर्ती घरी आणताना मातीचा उंदीर फुटला होता. देवापुढे उंदीर नाही म्हणून त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी कपाट उघडलं, चांदीचा उंदीर डबीतून काढला, पंचामृतानं न्हाऊ घातला आणि हळदकुंकू वाहून गणपतीच्या पायाशी बसवला.

बुवांच्या मिशीत हसू आलं. हेरलेकरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते आवरलं.

"तिला काय कळतंय त्यातलं," हेरलेकर म्हणाले. "ही परदेशातली नाणी. तिकडे दर वर्षाला एक प्राणी असतो. उंदीर, बैल, वाघ... बारा वर्षांत बारा. मोजकीच पाडतात, परत पाडत नाहीत."

"मग?"

"मग भाव चढतो. सोळा वर्षं जपली बुवा मी. बोटाचा ठसासुद्धा उमटू दिला नाही. पुण्याचा एक माणूस पूर्ण संच चांदीच्या भावाच्या आठपट देऊन घेणार होता. आता म्हणतो, संच मोडला. उंदराला चांदीचाच भाव, आणि बाकीच्यांचंही बघू."

बुवांनी नाणं घ्यायला हात पुढे केला. हेरलेकरांनी खिशातून मोज्यांची दुसरी जोडी काढून दिली.

"खराब झालंय न्हवं हे?"

"झालंय."

"मग मोजे कशाला?"

बुवांनी नाणं उघड्या बोटांत धरलं, उजेडाकडे वळवलं.

"जाईल डाग. रिठ्यात घटकाभर ठेवतो आन् मऊ फडक्यानं टिपून देतो."

"पण उजळलेलं कळायला नको. पारखी माणसं भिंग लावून बघतात."

"त्यांना कळंलच."

"मग ते चांदीच्या भावानं जाईल."

"आन् डागासकट?"

"...चांदीच्याच भावानं."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

देवळात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर औदुंबराखाली एक कुत्रं उन्हात पसरलं होतं. हेरलेकर त्याच्याकडे बघतच बोलू लागले.

"बुवा, ती मिरजेला गेली भावाकडे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मी बोलत नव्हतो तिच्याशी, म्हणून."

"दिवाळीला आली असंल."

"नाही. रोज संध्याकाळी फोन करायची. ब्लडप्रेशरची गोळी घेतली का, विचारायची. मी नुसतं 'हं' म्हणायचो. आज आठ दिवस झाले, फोन नाही. मला वाटलं, डाग गेला की... माझा राग जाईल. मग मी बोलू शकेन."

इतका हुशार माणूस, पण स्वतःच्या बायकोला दोन शब्द बोलायला त्याला रिठ्याचं पाणी लागत होतं. कुणालाही त्यांची कीव आली असती.

बुवांनी पेटीतल्या अकरा डब्यांवरून नजर फिरवली.

"कशासाठी साठवलीस ही?"

"म्हातारपणासाठी. विकून रक्कम एकदम हातात येईल म्हणून."

"कुणाच्या म्हातारपणासाठी?"

"आमच्या."

"आमच्या म्हंजे?"

"माझ्या... आणि कुंदाच्या."

हेरलेकर तोंडातून निघालेलं आपल्याच कानांवर पडावं तसे बसून राहिले.

बुवा म्हणाले, "मोजा काढ."

हेरलेकरांनी उजव्या हातातला मोजा काढला. बुवांनी नाणं त्यांच्या तळव्यावर ठेवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या चांदीला मालकाचा हात लागला. नाणं गार होतं आणि वाटलं होतं त्याहून जड. हेरलेकरांनी न राहवून त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला किंचित लाल लागलं.

"देवापुढं हे ठेवून तिनं काय मागितलं? इचारलं न्हाईस?"

"बुवा..." हेरलेकरांची मान खाली गेली. "मी अंघोळ करून बाहेर आलो. ती पाटावर बसली होती, हात जोडून, डोळे मिटून. घरात पाहुणे होते. मी सगळ्यांदेखत ते गणपतीच्या पायाशी होतं तिथून टॉवेलनं उचललं. म्हटलं, सोळा वर्षांची माती केलीस. तिनं डोळे उघडले. हात तसेच जोडलेले होते. तिनं काही मागितलं नव्हतं अजून."

बुवा उठले. पायरीपाशी गेले आणि रिठ्याचं पाणी वाटीतून खाली ओतून टाकलं.

"तिचं मागायचं राहिलंय, मग पूजा अजून चालूच हाय," ते म्हणाले.