न विचारता उपटलेली वेल

एका राज्यात चव मेली होती. गूळ जिभेवर ठेवावा तर मातीसारखा लागे, मिरची चावावी तर गवतासारखी. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, सहाच्या सहा रस एका सकाळी निघून गेले ते परतलेच नाहीत. चव गेली तशी भूक गेली, आणि भूक गेली तसा पोटातला अग्नी विझला. थोरांनी कसंतरी रेटलं. लेकरांनी कसं रेटावं? राजा रुद्रसेनाचा एकुलता एक मुलगा जयपाल, सहा वर्षांचं पोर, वाळून काडी झालं.

राजाने दवंडी पिटवली. सात राज्यांचे वैद्य आले, नाडी धरून बसले, माना हलवून गेले. कारण कुणालाच सापडेना.

कारण एकीलाच ठाऊक होतं. ती त्याच राज्याची वैदीण, हौसा.

हौसाच्या घराण्यात एक रीत होती. औषधी तोडायची तर आदल्या सांजेला तिच्यापाशी जायचं, मुळाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, आजाऱ्याचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, उद्या न्यायला येते. मग सकाळी लागेल तेवढंच घ्यायचं, मूळ उपटायचं नाही. मधली रात्र वेलीची. त्या रात्रीत वेल आपला गुण गोळा करते. आणि खरं सांगायचं तर ती रात्र वैदिणीचीही असते. आपलं निदान चुकलं तर नाही, हे तिने तेवढ्यात पुन्हा तपासायचं असतं.

हौसाने जन्मभर रीत पाळली. पण ताप तिच्याच लेकीला आला. सात वर्षांची केसर. आईने केलेल्या भाजीचा पहिला घास खाऊन रोज तोंड वाकडं करणारी आणि म्हणणारी, "आये, खारट." कारण हौसाचा हात मिठाला जड होता. ती केसर अंथरुणात फणफणत होती आणि हौसाला एक रात्र थांबवेना. ती रानात धावली, राज्यातली एकुलती एक अमृतवेल दोन्ही हातांनी मुळासकट उपटली, वाटली, पोरीला पाजली. लोकांच्या पोरांची नाडी तीनतीनदा बघणारी बाई, स्वतःच्या पोरीची तिने एकदाही धड बघितली नाही. ताप पित्ताचा समजली, तो होता वाताचा. सकाळी केसर गेली. वेल उपटलेला खड्डा उघडाच होता. हौसाने लेकीला त्यातच ठेवलं आणि माती लोटली. त्याच सकाळी राज्यातली चव गेली.

वर्षभर ती गप्प राहिली. एके दिवशी अंगणातल्या शेवग्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

"हौसे, ज्या हाताने उपटली त्याच हाताने लावावी लागेल. अमृतवेलीच्या तीन बिया तीन मांत्रिक भावांच्या पोटात आहेत. तिघेही आजारी आहेत. बरे कर, बी घे. आणि आधी राजाला सांग."

हौसा दरबारात गेली. काही लपवलं नाही.

"तुला शिक्षा कोणती द्यावी?" राजाने विचारलं.

"शिक्षा मिळाली आहे, महाराज. आता काम द्या."

राजाने मान डोलावली. जयपालची नाडी बघून हौसा निघाली.

थोरला भाऊ उघड्या पठारावर राहत होता. अंगात वारा शिरलेला. हाडं कडकडायची, तोंड बंद व्हायचं नाही, डोळ्याला डोळा लागायचा नाही. हौसाने तिळाचं तेल कोमट केलं आणि त्याच्या अंगाला चोळत बसली, एक दिवस नाही, एकवीस दिवस. ऊन ऊन मऊ भात तुपासंगे भरवला. बाविसाव्या दिवशी तो बोलता बोलता झोपला, आणि झोपेत त्याच्या उघड्या तोंडातून बी बाहेर पडली.

मधला तापलेल्या गुहेत बसला होता. डोळे पिवळे, थुंकला की दगड तडकायचा. हौसाने त्याला सावलीत आणलं, वाळ्याचं पाणी दिलं, तूप आणि मनुका दिल्या. तो तिला दिवसभर शिव्या घालायचा. तिने एकीलाही उत्तर दिलं नाही. औषधापेक्षा हेच तिला जड गेलं, कारण हौसा काही ऐकून घेणारी बाई नव्हती. महिन्याने तो निवला, लाजला, आणि दुसरी बी त्याने स्वतःच काढून दिली.

धाकटा तळ्यात पडून होता. एवढा जड आणि सुस्त की अंगावर शेवाळ वाढलेलं. हौसाने त्याला सुंठ आणि मध चाटवलं, हाताला धरून उठवलं, तळ्याभोवती चालवलं.

"बाई, उद्या चालू," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या. आजचा फेरा राहिलाय."

असे कितीतरी दिवस गेले. एकदा चालता चालता त्याने विचारलं, तुझं कोण गेलं? वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. हौसाने सांगितलं. मांत्रिक ढसाढसा रडला, रडता रडता खोकला, आणि खोकल्यासरशी तिसरी बी तळहातावर पडली.

"तिन्ही सारख्या खोल पूर," तो म्हणाला. "एक वर, एक खाली झाली तर उगवायची नाही. आणि जागा तीच."

जागा तीच. हौसाने केसरच्या मातीत बोटाने तीन सारखी भोकं केली आणि बिया पुरल्या. आठव्या दिवशी एकच वेल वर आली, तीन पानांची. हौसा तिच्यापाशी दिवसभर बसे. पानांवरून हात फिरवी. भारद्वाज येऊन सांगून गेला की जयपालने पाणीही सोडलंय.

त्या सांजेला तिने हळदीचे तांदूळ ठेवले आणि म्हणाली, "माझ्या केसरच्या जिवासाठी, उद्या न्यायला येते."

वेलीने तिन्ही पानं मिटून घेतली.

"मेलेल्याचं नाव वेल ऐकत नाही, हौसे," भारद्वाज म्हणाला.

हौसा मातीवर बसून राहिली. केसरच्या मातीतून उगवलेलं दुसऱ्याच्या पोराला द्यायचं. जे केसरला मिळालं नाही ते. मग तिने तांदूळ पुन्हा नीट केले.

"जयपालच्या जिवासाठी," ती म्हणाली. "उद्या न्यायला येते."

पानं उघडली. ती घरी गेली आणि या खेपेला सकाळपर्यंत थांबली. जयपालची नाडी कशी होती ते मनात तीनदा आठवून पाहिलं. सकाळी तिने एकच पान घेतलं.

काढ्याचा घोट घेताच जयपालने तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकलं. "कडू," तो म्हणाला. राजाने काढ्यात बोट बुडवून स्वतः चाखलं. त्याच घटकेला घराघरांत लोक ताटावरून उठले आणि एकमेकांना सांगू लागले, चिंच आंबट लागतेय, गूळ गोड लागतोय. पोरं भुकेने रडू लागली. ते रडणं ऐकून राज्य हसलं.

राजाने दिलेलं काहीच हौसाने घेतलं नाही. रानातल्या त्या वेलीभोवती कुंपण घालून मागितलं, तेवढंच.

घरी येऊन तिने चूल पेटवली, भाजी टाकली, सवयीने दोन ताटल्या मांडल्या. पहिला घास तोंडात घेतला.

खारट होता.

ती कान देऊन थांबली. कुणी काही बोललं नाही. मग तिने सगळी भाजी खाल्ली, ताटली निपटून.