दिलेली वेळ

"...आणि तेही सात मिनिटांसाठी? मास्तर, सात मिनिटांसाठी तुम्ही बचावाची होडी काढलीत?"

कॅप्टन विक्रांत शितोळे टॉवरचा जिना चढला तो हा प्रश्न दातांत धरूनच. वर पोचेपर्यंत दम लागला होता, पण राग काही उतरला नव्हता.

केणीमास्तर खिडकीशी बसून धावपट्टीकडे बघत होते. विमानतळ लहान, टॉवर त्याहून लहान. कुणी उतरायचं, कुणी थांबायचं, हे विमानांना रेडिओवरून सांगणारे नियंत्रक म्हणजे सदाशिव केणी. टॉवरशी बोलावं कसं हे इथल्या अर्ध्या वैमानिकांना त्यांनीच शिकवलेलं. शितोळेलाही. म्हणून ते मास्तर.

"बस," मास्तर म्हणाले.

शितोळे बसला नाही.

तो उडवायचा ते छोटं विमान जमिनीवर उतरे, तसंच पाण्यावरही. डोंगरापलीकडच्या धरणात प्रवासी सोडायचे, दुसरे घेऊन परत यायचं. पण धरण चहूबाजूंनी डोंगरांत. विमान पाण्याला टेकलं की रेडिओ मुका, मोबाइलही मुका. म्हणून खाली जाण्याआधी वैमानिक टॉवरला वेळ देतो, अमुक वाजता पुन्हा हवेत असेन. त्या वेळेला आवाज आला नाही, तर टॉवरमधून धरणाच्या चौकीवर फोन जातो आणि होडी सुटते.

काल शितोळेने दहा चाळीसची वेळ दिली होती. आवाज आला दहा सत्तेचाळीसला.

"प्रवाशांना माझ्याबरोबर फोटो हवा होता," तो म्हणाला. "आम्ही धक्क्यावर उभे, आणि तुमची होडी भोंगा वाजवत हजर. दोन पोहणारे, वर स्ट्रेचर! फोटोत तेच आलेत."

मास्तर हसले. "चांगले आलेत का?"

"मास्तर, सोमवारी मला मुख्य वैमानिक करताहेत. होडी काढल्याचा तुमचा तो अहवाल माझ्या फाइलला लागला तर संपलं सगळं. आठ वर्षं घासलीत मी त्यासाठी. फाडा तो."

"वाचलास?"

"त्यात वाचायचं काय? कॅप्टन बेफिकीर आहे, असंच असणार."

"हं..."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना. म्हणून तर होडी काढली."

हे उत्तर शितोळेच्या डोक्यावरून गेलं. म्हाताऱ्याला आता निवृत्त करायला हवं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात रेडिओ बोलला. सुमेधा कांडर. शितोळेनेच तयार केलेली वैमानिक, पाण्यावर उतरायला त्यानेच शिकवलेली. पाच प्रवासी घेऊन ती धरणात उतरत होती.

"परत हवेत कधी?" मास्तरांनी विचारलं.

"बारा दहा."

मास्तरांनी वेळ लिहून घेतली. अकरा पन्नास झाले होते.

"ठीक आहे," शितोळे म्हणाला, "यापुढे मी अर्धा तास वाढवूनच सांगत जाईन. मग तर झालं?"

"सांग की. तू बुडालास तरी तो अर्धा तास मी इथे चहा पीत बसेन."

शितोळे अखेर बसला. चहा आला, निवला. एक प्रवासी विमान उतरलं, मास्तर त्याच्याशी चार शब्द बोलले. अहवालाचं नाव कुणीच काढलं नाही.

बारा दहा झाले.

मास्तरांनी सुमेधाला हाक दिली. रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

त्यांनी फोनवर हात ठेवला... पण उचलला नाही. "काय म्हणतोस? हिलाही सात मिनिटं देऊ या?"

शितोळेने घड्याळाकडे पाहिलं. दोर सुटत नसेल. एखादा प्रवासी रेंगाळला असेल. फोटो काढत असतील...

की उतरताना चाकं आत घ्यायची राहिली? जमिनीवर चाकं बाहेर हवीत, पाण्यावर आत. बाहेर राहिली तर पाण्याला टेकताच विमान तोंडावर आपटून उलटतं. सुमेधाला हे त्यानेच शंभरदा बजावलं होतं. मग शंभरदा बजावलेलंच माणूस एखादे दिवशी विसरतो, हेही त्याला आठवलं.

घड्याळाचा काटा पुरता एक घरही सरकला नव्हता. शितोळेने उठून मास्तरांचा हात बाजूला सारला, फोन खेचून घेतला आणि चौकीवर ओरडला, "होडी काढा! आत्ता! विमान पाण्यात आहे, बोलत नाहीये!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मास्तर पुन्हा पुन्हा सुमेधाला हाका देत होते.

बारा बारा.

"टॉवर, हवेत आहे. धक्क्याचा दोर अडकला होता. सॉरी."

शितोळे मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असं त्याला वाटलं नाही. सगळे जिवंत होते, बस्स.

मास्तरांनी चौकीला फोन करून होडी माघारी बोलावली. मग एक कोरा छापील कागद शितोळेपुढे सरकवला.

"शोध ज्याने सुरू केला त्याने लिहायचं असतं. कारण, एका ओळीत."

"दोन मिनिटांचा तर उशीर, मास्तर... तिच्या फाइलला कशाला..."

"मग का केलास फोन?"

शितोळेने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. शेवटी त्याने लिहिलं, वैमानिकाने बारा दहाची वेळ दिली होती.

मास्तरांनी ते वाचलं. खण उघडून कालचा कागद काढला आणि शेजारी ठेवला.

शितोळेने तो पहिल्यांदा वाचला. खाली मास्तरांची सही होती. वर एकच ओळ होती, वैमानिकाने दहा चाळीसची वेळ दिली होती.

मास्तरांनी दोन्ही कागद उचलले.

"बोल. यातला कोणता फाडू?"