सतरा नंबरचा सर्व्हर

आमच्या सर्व्हर रूममध्ये तेव्हा स्वेटर घालून बसावं लागे. उन्हाळ्यात त्या गारव्यासाठी पाटणकरसाहेबांनी आपलं टेबलही तिथेच आणलं होतं. रोज रजिस्टरवर प्रत्येक सर्व्हरपुढे ‘ठीक’ अशी आमची खूण आणि खाली साहेबांची सही.

मग आमच्यातल्या हेमलता दिघेने कॉम्प्युटरवर आपोआप चालणारी टेस्ट लिहिली. एक कमांड दिली की प्रत्येक सर्व्हरचं सेटिंग तपासून बरोबर ते हिरवं, चूक ते लाल.

पहिल्याच दिवशी सतरा नंबर लाल आला.

साहेबांनी रजिस्टर आपटलं. “इथे सतरा ठीक आहे. माझी सही आहे. तुझी टेस्ट आजपासून बंद.”

“करते बंद,” हेमलता म्हणाली. “फक्त जरा उठता का, साहेब? सतरा नंबर दिवाळीतच भंगारात गेला. तुमची खुर्ची त्याच्याच जागेवर आहे.”

ते रजिस्टर मी अजून जपून ठेवलंय.