धोंडामावशीची सुकी मासळी

फार वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या उंबरावर झिपरी खार राहायची, आणि बुंध्याशी धोंडामावशी पाणमांजर. मावशी रोज खडकावर मासळी वाळवायची.

"मावशी, या वासानं जीव नकोसा झालाय!" एकदा झिपरी खेकसली.

मासळी गोळा करून मावशी पलीकडच्या काठावर राहायला गेली.

त्या संध्याकाळी झिपरीची पिल्लं काही केल्या निजेनात. "आई, खालून मावशीचा वास येत नाही. आता साप आला तर त्याला कोण हाकलणार?" धाकटीनं विचारलं.

सकाळीच झिपरीनं पलीकडचा काठ गाठला. "मावशी, घरी चल गं."

"आणि वासाचं काय?"

नाक मुरडत झिपरीनं एक सुकी मासोळी तोंडात धरली आणि घराची वाट धरली.