चौकटींना वंदन

“पण मग ते अक्षर जातं कुठं?” भंतेंनी विचारलं.

आपल्या प्रोग्रामचं कौतुक सांगणारा हर्षदीप हसला. “पुसलं जातं, भंते. ओळखता न येणारं अक्षर आलं, की माझा प्रोग्राम तिथं प्रश्नचिन्ह टाकतो. पान कसं स्वच्छ दिसतं!”

हर्षदीप रामटेके पुण्यात एका कंपनीत होता. निरनिराळ्या लिप्या संगणकावर नीट उमटवणं हे त्याचं काम. सुट्टीत गावी आला, तेव्हा आई म्हणाली, “भंतेजींचा कम्प्युटर बिघडला म्हणते. पाहून ये ना, बाबू.” म्हणून तो पवनीजवळच्या या बौद्ध विहारात आला होता.

बिघडलं काहीच नव्हतं. पडद्यावर श्रीलंकेहून आलेला मेल उघडा होता. त्यात ओळीच्या ओळी नुसत्या रिकाम्या चौकटी.

मेल भंते शीलवंसांच्या गुरूंचा होता. तरुणपणी भंते त्यांच्याजवळ राहिले होते. सिंहली लिपीत पाली वाचायला त्यांच्याकडूनच शिकले होते. गुरू आता नव्वदीच्या पुढे. पावसाळाभर आजारी होते. आजारपणानंतरचा हा त्यांचा पहिला निरोप, आणि पहिलाच मेल.

“हा सगळा कचरा आहे, भंते. साफ करून टाकतो. त्यांना पुन्हा पाठवायला सांगा.”

त्यानं पेन ड्राइव्ह लावला. प्रोग्राम सुरू केला. शेवटचं बटण दाबायला बोट उचललं...

भंतेंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

मग पडद्यावरच्या चौकटींकडे पाहिलं, हात जोडले आणि मान लववली.

हर्षदीपला अवघडल्यासारखं झालं. “भंते, त्यात काही नाहीये.”

“नाहीये?”

“म्हणजे... आहे. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो. मेलमधून आकडेच येतात. ते इथं आले आहेत. पण या जुन्या संगणकात सिंहली फॉन्ट नाही. अक्षराचा आकार त्याला ठाऊक नाही. म्हणून तो चौकट काढतो.”

“म्हणजे तो सांगतोय, कुणीतरी आलं आहे. मी त्याला ओळखत नाही.”

“...हो.”

“आणि तरी बसायला जागा देतो.”

हर्षदीपनं चौकटींकडे पुन्हा पाहिलं.

“तुझा प्रोग्राम काय करतो?”

“तो...” उत्तर त्याला येत होतं. ऑफिसात ते त्यानं किती कौतुकानं सांगितलं होतं! आता मात्र त्यानं मान खाली घालून सांगितलं. “तो आकडाच काढून टाकतो, भंते. मग मागाहून फॉन्ट आणला, तरी अक्षर परत येत नाही.”



त्यानं पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. मोबाईलचं नेट जोडलं. सिंहली फॉन्ट उतरवून घेतला.

चौकटी गेल्या. त्यांच्या जागी अक्षरं आली. गोल, वळणदार, एकमेकांना खेटून बसलेली.

भंतेंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. वाचायला लागले, आणि त्याच्यासाठी मराठीत सांगत गेले.

“म्हणतात, ‘प्रकृती बरी आहे. डोळे मात्र गेले. दुसऱ्याकडून लिहून घेतो आहे. तू समुद्रापलीकडे आहेस, पण रोज सकाळी आपण दोघं एकच म्हणतो...’”

पुढच्या ओळी पालीत होत्या. भंते त्या मोठ्यानं वाचू लागले. आवाज भरून आला होता.

हर्षदीपनं दचकून वर पाहिलं.

पडद्यावरचं एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. शब्द मात्र पाठ होते. ते त्रिसरण होतं, ‘बुद्धं सरणं गच्छामि’. शाळेत जायच्या आधी आई त्याच्याकडून रोज म्हणून घ्यायची. पुण्याला गेल्यावर कधी सुटलं, ते कळलंही नव्हतं.

त्याचे ओठ हलायला लागले. शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हटली.



“भंते, या लिपीला आकडे ज्यांनी दिले ना... देशोदेशीची माणसं एकत्र बसून ते ठरवतात. त्यातल्या कितीतरी जणांना ही लिपी वाचताही येत नसेल.”

“तरी जागा दिली.”

“तरी दिली.” त्याचे डोळे भरून आले. “इतकी वर्षं त्यांच्या जिवावर पोट भरतोय, आणि मला त्यांची नावंही माहीत नाहीत. त्यांचे आभार मानायचे तरी कसे?”

भंते उठले. अंगावरचं चीवर सावरलं. कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

“कुठल्या अक्षरांना अजून जागा मिळालेली नाही, ते शोध.”