कोठारातल्या कुत्र्यांच्या शेपट्या

फार जुनी गोष्ट. वेत्रवतीच्या काठी भद्रवाट नावाच्या नगरात पुष्यसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वांनी कुत्रीच्या पोटी जन्म घेतला होता. अंगाने लहान, पायांनी आखूड, रंगाने पिंगट. म्हणून सगळे त्यांना पिंगल म्हणत. राजाच्या धान्यकोठारात अशा ठेंगण्या कुत्र्यांची एक टोळी होती आणि बोधिसत्त्व तिचे म्होरके होते.

कोठार जमिनीखाली होतं. खोल पेवं खणलेली, त्यांत धान्य भरायचं आणि तोंडं दगडमातीने लिंपून टाकायची. वरून चोराला वाव नाही, पण खालून घुशी येत. घूस ती, तिला कुलूपकिल्लीचं काय हो? कडेच्या चरातून बीळ पाडून ती थेट पेवाच्या भिंतीला भिडे. त्या बिळात शिरून तिला ओढून काढायचं, हे कुत्र्यांचं काम.

त्यांचा राखणदार होता चित्तक. कुत्रा बिळात शिरला की बाहेर उरते ती फक्त शेपटी, आणि चित्तक गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राही. शेपटी भराभरा थरथरली की समोर घूस आहे. काठीसारखी ताठ झाली की साप आहे. मग तो क्षणही न दवडता शेपटीच्या बुडाशी धरून कुत्र्याला मागे ओढी. आणि सैल, ऐसपैस, कंबरेसकट हलली तर? तशी ती बिळात कधी हलत नसे. घरचं माणूस दिसलं की कुत्रा तशी हलवतो, एवढंच.

या कोठाराचा मुख्य, कोठारी सोमिल. कामाला चोख, पण माणूस कसला, संशयाचं पोतं! कोणी जांभई दिली तर विचारी, रात्री कुठे होतास? नाही दिली तर विचारी, इतका ताजातवाना कसा? एकदा तर गावाला जातो असं सांगून तो कणगीत लपून बसला, आणि ‘कोठारी कुठे आहेत हो?’ असं ज्या हमालाने पहिल्यांदा विचारलं त्यालाच त्याने धरलं. तुला का पंचाईत? मी नसताना काय करायचं होतं? बिचाऱ्याचं काम गेलं. तेव्हापासून कोठारात कोणी कोणाची चौकशी करीत नसे.

एका वर्षी चौथ्या पेवातलं धान्य खचलेलं दिसलं. झालं, सोमिलाची झोप उडाली. तो चराच्या काठावर दबा धरून बसला. बोधिसत्त्व एका बिळात अर्धे शिरले होते आणि समोर घूस दिसताच त्यांची शेपटी थरथरू लागली.

“बघ, बघ!” सोमिल दातओठ खात म्हणाला. “चोराच्या दारात उभा राहून शेपूट हलवतोय. ओळखदेख असल्याशिवाय कुत्रा शेपूट हलवतो का कधी?”

चित्तकाला हसू आवरलं नाही. “अहो कोठारी, ती ओळख नव्हे. ती शिकार दिसल्याची...”

“हसलास का?” सोमिल म्हणाला. “तुझाही वाटा आहे वाटतं यात?”

त्याच संध्याकाळी सोमिल राजाकडे गेला. कुत्रे फितूर झालेत, शेपटीने घुशींना खुणा करतात असं म्हटलं तर राजा हसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो हात जोडून म्हणाला, “महाराज, मुक्या जिवांचे हाल बघवत नाहीत. घुशी शेपट्यांना चावतात, जखमा चिघळतात. पिलं लहान असतानाच शेपट्या काढून टाकल्या तर पुढचा त्रास वाचेल.” राजा दयाळू होता आणि घाईत होता. त्याने मान डोलावली. अशा रीतीने एका माणसाचा संशय दयेचे कपडे घालून दरबारातून बाहेर पडला.

त्या वेतातल्या सगळ्या पिलांच्या शेपट्या कापल्या गेल्या. पिलं किंचाळली, त्यांची आई दाव्याला हिसके देत राहिली. मोठ्या कुत्र्यांना कोठारातून काढून टाकलं. बोधिसत्त्वांना तेवढं ठेवलं, कारण नव्यांना काम शिकवायला एक जुना कुत्रा हवा होता.

पिलं मोठी झाली, बिळात उतरू लागली, आणि कोठाराचं स्वास्थ्यच गेलं. एक कुत्रा खेळायला म्हणून दुसऱ्याजवळ जाई, दुसऱ्याला कळेचना की हा खेळायला आलाय की चावायला. मग दोघेही आधी चावून घेत. चित्तक बिळापाशी बसे आणि त्याला काही दिसत नसे. एकदा आत साप होता. बाहेर नुसतं बूड दिसत होतं, ते काय सांगणार? चित्तकाने ओढलं तोवर कुत्रा गेला होता. त्या दिवसापासून चित्तक घाबरून उगीचच कुत्र्यांना मागे ओढू लागला, आणि कुत्रे त्याचा हात दिसला की गुरगुरू लागले. ज्या हाताने भाकर घातली, त्या हातावर गुरगुरणं! चित्तकाला फार लागलं ते.

घुशी मात्र खुशाल होत्या. धान्य आणखी खचलं, आणि सोमिलाने हुकूम सोडला: चौथ्या पेवाला माझ्याशिवाय जो हात लावेल तो चोर. शिवाय नव्या वेताच्या शेपट्या उद्याच कापायच्या, आणि आता त्या पिंगल्याचीही. सगळ्याचं मूळ तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सुरी दगडावर घासून तयार होती. भर दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा कोणालाही न सांगता सोमिल एकटाच चौथ्या पेवात उतरला. सांगितलं तर चोर सावध होईल ना! पण त्या पेवाची बाजू घुशींनी पोखरून पोखरून पोकळ केली होती. त्याचा पाय भिंतीला लागला मात्र, भिंत धसली. धान्य आणि माती त्याच्या अंगावर आली. वरचं तोंडही ढासळून बुजलं.

धप्पकन आवाज झाला, धूळ उडाली. माणसं हातातला घास टाकून धावली आणि पेवाजवळ येऊन थबकली. काठावर सोमिलाचं उपरणं पडलं होतं.

“कोठारी आत आहेत की काय?” एकाने विचारलं.

“हळू बोल,” दुसरा म्हणाला. “पुन्हा सोंग असणार. कुठूनतरी बघत असतील, कोण पहिला हात लावतो ते.”

चित्तकही उभाच राहिला. आधीच आपल्यावर नजर आहे. पेव उकरताना सापडलो तर चोर ठरायला वेगळा पुरावा कशाला? तो मनात म्हणाला, आणि त्याने हात मागे बांधले. खाली एक माणूस गुदमरत होता आणि वर इतकी माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत उभी होती.

बोधिसत्त्वांना मातीतून वास आला. भ्यालेल्या माणसाचा घाम. ते चराकडे निघाले, तेव्हा शबल नावाचा बिनशेपटीचा तरुण कुत्रा आडवा आला.

“कुठे निघालास, आजोबा? तो तिथेच राहिला तर आज सुरी चालणार नाही. माझी पिलं वाचतील, तूही वाचशील. आणि बाहेर काढलास तर आधी तुझीच शेपटी कापेल. त्याची खोड तुला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे,” बोधिसत्त्व म्हणाले. “तुझी पिलं मलाही प्यारी आहेत, शबला. पण त्यांच्या शेपट्यांसाठी मी एका जिवाला गाडून टाकू शकत नाही. बाजूला हो.”

शबल गुरगुरला, पण बाजूला झाला. बोधिसत्त्व बिळात शिरले. माती ढासळत होती, ती पंजांनी मागे सारत ते पुढे सरकले आणि भिंतीपाशी पोहोचले. पलीकडे सोमिल गळ्यापर्यंत धान्यात रुतला होता. बिळाच्या तोंडाशी त्याचं तोंड आलं होतं, तेवढ्याच हवेवर तो तग धरून होता. अंधारात ओलं नाक गालाला लागलं तसा तो दचकला.

“कोण? कोण आहे? कोणी पाठवलं तुला?” मरणाच्या दारातही हाच प्रश्न! बोधिसत्त्वांनी त्याच्या डोळ्यांतली माती चाटून काढली.

बाहेर चित्तक सवयीने गुडघ्यांवर बसला होता. बिळातून एक शेपटी बाहेर होती, आणि ती हलत होती. थरथरत नव्हती, ताठही नव्हती. सैल, ऐसपैस, कंबरेसकट हलत होती.

चित्तकाला हुंदका फुटला. “अरे, माणूस आहे आत! जिवंत आहे! आणि पिंगल्या त्याला घरचा म्हणतोय रे! ज्याने सुरी घासून ठेवली, त्याला घरचा म्हणतोय! बघताय काय? आणा कुदळी!”

मग कोणाला कसली भीती राहिली नाही. सगळ्यांनी मिळून चराच्या बाजूने भिंत फोडली. शेपटीच्या बुडाशी धरून चित्तकाने आधी बोधिसत्त्वांना मागे घेतलं, मग सोमिलाला ओढून काढलं. सोमिल कितीतरी वेळ खोकत राहिला. बोलता आलं तसा तो चित्तकाला म्हणाला, “मी तिथे आहे हे तुला कसं कळलं?”

एरवी चित्तक या प्रश्नाने कापला असता. आज त्याने नुसतं बोधिसत्त्वांकडे बोट दाखवलं. “त्याच्या शेपटीने सांगितलं. तुम्ही आमच्यातले आहात म्हणून.”

तेवढ्यात शबल पुढे आला. सोमिलासमोर उभा राहून तो एकटक बघू लागला. त्याचं तुटकं बूड हलत होतं.

“हा काय म्हणतोय?” सोमिलाने विचारलं. “रागावलाय? की क्षमा करतोय?”

“मला नाही कळत, कोठारी,” चित्तक म्हणाला. “कळलं असतं, पण ते तुम्ही कापून टाकलंत.”

तेव्हा सोमिल धाय मोकलून रडला. दुसऱ्या दिवशी तो राजापुढे उभा राहिला, दयेचं कारण खोटं होतं हे त्याने कबूल केलं, आणि भद्रवाटात कुत्र्याच्या शेपटीला पुन्हा कोणी सुरी लावली नाही. शबलाच्या मनात काय होतं, ते मात्र त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली ती गोतिपुत्त नावाच्या भिक्खूमुळे. दोन भिक्खू भिक्षेहून येताना एकमेकांकडे बघून हसले, तेव्हा यांचं काहीतरी शिजतंय असं त्याला वाटलं, आणि विहारात कोणी कोणाकडे बघून हसू नये असा नियम करा, असं तो मागत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा सोमिल म्हणजे हा गोतिपुत्त. चित्तक म्हणजे त्याच्याशेजारी बसणारा वृद्ध सुमन. शबल आणि त्याची भावंडं म्हणजे याच्या धाकाने तोंडं मिटून बसलेले तुम्ही तरुण भिक्खू. आणि पिंगल मीच होतो. जो आपल्याला परका मानतो त्यालाही घरचा मानून त्याच्यासाठी धावून जाणं, ही मैत्री. त्या जन्मी मी ती पूर्ण केली.”

गोतिपुत्ताने मान वर करून सुमनाकडे पाहिलं. आता हसावं की नाही ते सुमनाला कळेना. मग गोतिपुत्तच आधी हसला.