कारवीमाळाची मोजणी

कारवीमाळाहून सकाळची एसटी सुटताना कंडक्टर लगेच घंटी मारत नाही. आधी गावातली एखादी म्हातारी गाडीत चढते, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवते आणि मोठ्यानं माणसं मोजते. बघणारे पाहुणे हसतात. मग गावचे बाबाजी ढेबे त्यांना थांब्याच्या ओट्यावर बसवून घेतात. ही हकिकत ऐकल्याशिवाय पाहुण्याला सोडायचं नाही, असा त्यांचा शिरस्ताच आहे.

पूर्वी या माळावर मोजणं हेच पाप होतं, असं सांगतात. धनगरांची वस्ती. म्हशी मोजल्या की आटतात आणि माणसं मोजली की घटतात, अशी पक्की समजूत. त्यामुळे शिरगणतीचे मास्तर तीन तासांचा घाट चढून आले, की अख्खं गाव कारवीच्या रानात दडी मारायचं. हाती लागायचे ते पळता न येणारे म्हातारे. कागदावर गाव भरलं त्रेचाळीस माणसांचं! पुढे हेच गाव रस्ता मागायला तालुक्याला गेलं, तेव्हा साहेबांनी तोच कागद पुढे केला. त्रेचाळीस माणसांसाठी डोंगर कोण फोडणार? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलेला, बोलणार काय?

या समजुतीला सगळ्यांत घट्ट धरून होती ती ठकूबाई. तिची चार मुलं कुणा पाहुणीनं बोटावर मोजली आणि वर्षाच्या आत तीन गेली, म्हणे. उरलेल्या मुलाची बायको झिमा. ती बाळंतपणात अडली, तेव्हा झोळीत घालून तिला घाटानं खाली न्यायला निघाले. निम्म्या घाटात मुलगी जन्मली, पण झिमा गेली. ठकूबाईनं नातीचं नाव केरा ठेवलं. मरणानं केर समजून तरी सोडावं, एवढीच आशा.

पोर वर्षाची होते न होते तोच मास्तर पुन्हा आले. गाव पुन्हा रानात पळालं. ठकूबाईही केराला पोटाशी धरून निघाली, पण बिरोबाच्या देवळापाशी तिचे पाय थांबले. ती मागे फिरली आणि मास्तरांपुढे येऊन उभी राहिली.

"लिवा मास्तर. पयली हिला लिवा."

कारवीतून तिचा दीर ओरडला, "वैनी, एकुलती हाय ती! खुळी झालीस का?"

"झिमाला कुनी मोजलं हुतं?" ठकूबाई म्हणाली. "न मोजताच गेली न्हवं?"

कारवीतून एक बाई दोन पोरं घेऊन बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. मास्तरांचे कागद संपले, पण माणसं संपेनात. दिवस मावळताना आकडा भरला तीनशे सतरा.

मोजणी झाल्यावर ठकूबाई बिरोबाच्या पायरीवर बसली. "ह्यातलं एक उणं करायचं आसंल तर मला ने," असं तिनं देवाला बजावलं. बारा दिवस अन्नाला शिवली नाही. त्या बारा दिवसांत माळावर कुणाला साधा तापही आला नाही, म्हणे.

रस्ता यायला पुढे सात वर्षं लागली, पण आला. इथं बाबाजींचा आवाज हमखास चढतो. "भीक न्हाय मागितली. मानसं दावली आन रस्ता आनला!"

पहिली एसटी वर आली, तेव्हा चढायचा पहिला मान ठकूबाईचा. केराचा हात धरून ती आत गेली. दाराजवळच्या रिकाम्या बाकावर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "एक. झिमा." मग केराच्या डोक्यावर हात ठेवला. "दोन."

आजही कारवीमाळाची मोजणी त्या रिकाम्या बाकापासूनच सुरू होते. म्हातारीचा आकडा कंडक्टरच्या आकड्यापेक्षा एकानं जास्त भरतो. नवा कंडक्टर असला तर हुज्जत घालतो, आणि बाबाजी त्याला ठणकावतात, "आमचंच बराबर हाय." गाडी कितीही खच्चून भरो, माणसं दांडीला धरून उभी असोत, त्या बाकावर कुणी बसत नाही. झिमाला घाटाखाली पोचवायचं, आणि मगच बसायचं.